फ्रिजलाही ऊन लागतं

नवा फ्रिज घ्यायचं थोडं थांबव. जावईबापू का घाई करताहेत ते मला कळतंय. पाण्याची बाटली गार होत नाही, परवा दूध नासलं, आखाजी, आपली अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आणि तुझ्या नणंदा माहेरपणाला यायच्या आहेत. अशा वेळी दुकानात जाऊन हप्त्यांवर नवा उचलून आणावा असं कुणालाही वाटेल. पण अगं, एप्रिल-मे महिन्यात आपल्या जळगाव-धुळ्याकडे गार न होणारा फ्रिज बिघडलेलाच असतो असं नाही. पुष्कळदा तो उन्हानं बेजार झालेला असतो. त्याला काय होतंय ते आधी समजून घे, एक सकाळ त्याच्यासाठी काढ, आणि मग काय ते ठरवा.

फ्रिजचं काम कसं चालतं ते आपल्याला विकणारा कधी सांगत नाही. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर स्वयंपाकघरात आणून टाकायची, एवढंच तो दिवसरात्र करत असतो. आतल्या नळ्यांमधला गॅस उष्णता शोषतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, आणि मागच्या काळ्या जाळीतून ती उष्णता हवेत जाते. नव्या फ्रिजांना मागे जाळी दिसत नाही, त्यांच्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत असतात. म्हणून त्यांच्या अंगाला हात लावला की कोमट लागतं, त्याला घाबरायचं कारण नाही. पण उष्णता बाहेर जायची तर ती जाळी खोलीपेक्षा जास्त गरम असावी लागते. तीस-बत्तीस अंशांच्या खोलीत हे सहज जमतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, भुसावळला कधी त्याच्याही वर. वर पत्रे असले किंवा भिंत पश्चिमेची असली, तर रात्री दहा वाजताही स्वयंपाकघर धगधगत असतं. अशा हवेत उष्णता टाकायची म्हणजे कॉम्प्रेसरला उसंतच मिळत नाही.

आणखी एक बघ. फ्रिजच्या आत भाजीच्या ट्रेच्या बाजूला किंवा पाठीमागे एक लेबल चिकटवलेलं असतं. त्यावर बऱ्याच कंपन्या 'क्लायमेट क्लास' असं लिहून पुढे अक्षर देतात. 'एन' असेल तर तो फ्रिज १६ ते ३२ अंशांच्या खोलीसाठी बनवलेला, 'एसटी' असेल तर १६ ते ३८, आणि 'टी' असेल तर १६ ते ४३. 'टी' हा उष्ण प्रदेशांसाठीचा वर्ग. म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या दुपारी त्या 'टी'चीही हद्द ओलांडली जाते. तुमचं धुळं तर दोन्ही टोकांना. उन्हाळ्यात भट्टी, आणि डिसेंबर-जानेवारीत कृषी महाविद्यालयातल्या नोंदीत पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या. पहाटे तुझं स्वयंपाकघरही सोळाच्या खाली जात असणार. म्हणून मुंबई-पुण्याकडच्या कुणी फ्रिजबद्दल सांगितलं की ते ऐकून घे, पण आपल्या हवेला धरून वापर.

आता तुझ्या फ्रिजकडे येते. मी दिवाळीत देवपूरला तुझ्याकडे आले होते तेव्हा पाहिलाय तो. ओट्याच्या टोकाला, कोपऱ्यात, पाठ भिंतीला आणि एक कूस गॅसच्या बाजूला. डोक्यावर खिशांचं झालरवालं कव्हर, त्या खिशांत औषधं, बिलं, राख्या, आणि वर तिळाचा डबा, मुलाचं दप्तर, जुने पेपर. तुझ्या सासूबाईंनी हौसेनं शिवलेलं कव्हर आहे ते, त्यांचा मान राख. पण त्यांना समजावून सांग की फ्रिजभोवती हवा खेळती राहायला हवी आणि हे कव्हर तीच अडवून धरतं. वाटल्यास ते शिलाई मशीनला घालू दे. डोक्यावरचं सगळं ओझं उतरव. फ्रिज भिंतीपासून चांगला वीतभर पुढे घे, दोन्ही बाजूंना चार बोटांची तरी वाट ठेव. गॅसच्या शेगडीपासून तर जितका लांब नेता येईल तितका ने. मधल्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीशी जागा असेल तर मी म्हणेन तिथेच हलव. दोन पावलं जास्त चालावं लागेल, पण कॉम्प्रेसरचं आयुष्य वाढेल.

तसंच तुमच्या कूलरचं. उन्हाळ्यात आपण कूलरचं तोंड नेमकं जिथे बसतो तिथे करतो, आणि फ्रिज त्याच झोतात येतो. कूलरची हवा ओली असते. दार उघडलं की ती ओल आत शिरते, आणि तुझ्या एका दाराच्या फ्रिजमध्ये तिचाच बर्फ होऊन वरच्या खणात साठतो. पत्र्यालाही खालून गंज धरतो. कूलर चालू असू दे, फक्त त्याचा झोत फ्रिजवरून वळव.

साफसफाईला पाणी यायचा दिवस निवड. तुमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, म्हणून मुद्दाम सांगते, पण या कामाला बादलीभरापेक्षा जास्त लागतही नाही. सकाळी उन्हं चढायच्या आत सुरू कर. आदल्या दोन दिवसांत फ्रिजमधलं जेवढं संपवता येईल तेवढं संपव. बटण बंद करून भागायचं नाही, पिनच काढून ठेव. जावईबापूंना म्हणावं, पुढे ओढून द्या. हे एकटीनं करायचं काम नाही, आणि ते फक्त बायकांचं तर मुळीच नाही.

मागे गेलीस की जाळीवर राखाडी लव दिसेल. पिठाचा भुरका, फोडणीची वाफ आणि कापसाची धूळ यांचा मिळून तो असा चिकट थर होतो की फुंकर मारून हलत नाही. नळ्यांवर पांघरूण घातल्यासारखंच ते. रंगकामाचा जुना, मऊ केसांचा ब्रश घे आणि वरून खाली हळू झाडत ये. मग कोरड्या फडक्यानं पूस. पाणी मारू नकोस, तारा उघड्या असू शकतात. उंदरानं कुठे वायर कुरतडली आहे का तेही बघून घे, जुन्या घरांत हे हमखास होतं. दर दिवाळीला आणि होळी झाल्यावर एकदा, एवढी झाडलोट केलीस तरी पुरे. होळीनंतरची तर चुकवूच नकोस, कारण पुढचे तीन महिने त्याच्या परीक्षेचे असतात.

तिथेच खाली, कॉम्प्रेसरच्या डोक्यावर, एक प्लॅस्टिकची उथळ थाळी असते. बर्फाचं वितळलेलं पाणी त्यात जमतं आणि कॉम्प्रेसरच्या उबेनं सुकतं. पण सगळंच सुकतं असं नाही. डेंग्यूचा एडिस डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आपण कूलरची टाकी बघतो, कुंड्यांच्या ताटल्या बघतो, फ्रिजच्या मागे कुणी वाकत नाही. घरात लहान लेकरू आहे तुझ्या. आठवड्यातून एकदा टाकी आणि कूलर कोरडा करतेस ना, त्याच दिवशी ही थाळीही रिकामी करून घासून पुसून ठेवत जा. निघणारी नसेल तर जुनं फडकं आत घालून पाणी टिपून घे.

आता बर्फ. वरच्या खणात अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड थर झाला की तो काढायचाच. बर्फ आहे म्हणजे गारवा जास्त, असं आपल्या आईलाही वाटायचं आणि अजून पुष्कळ घरांत वाटतं. खरं तर तो थर गारव्याला खाली उतरू देत नाही, आणि मशीन उगाच जास्त चालतं. थर्मोस्टॅटच्या गोल बटणाच्या मधोमध डिफ्रॉस्टची कळ असते, ती दाबली की बर्फ आपोआप सुटतो आणि नंतर मशीन आपलं आपण सुरू होतं. मोठी सफाई असेल तर पिन काढून दार उघडं ठेवून द्यायचं. आपल्याकडच्या हवेत बर्फ सुटायला वेळ लागत नाही. लवकर हवं असेल तर पाटावर गरम पाण्याचं पातेलं ठेवून ते खणात सरकव. खाली जुन्या लुगड्याचे तुकडे अंथर. घमेल्यात बर्फाची ढेकळं काढत जा, त्यातच दुधाचं पातेलं आणि दह्याचं भांडं बसव, वरून ओलं गोणपाट टाक. काम होईतो दूध तिथे सुखात राहील. वितळलेलं पाणी फरशी पुसायला वापर, अंगणातल्या तुळशीशेजारच्या जास्वंदीला घाल, प्यायला घेऊ नकोस.

सुरी, उलथनं, स्क्रू-ड्रायव्हर, यातलं काहीही त्या बर्फाला लावायचं नाही. हे मी तुला हात धरून सांगते आहे. त्या पातळ पत्र्याच्या आतच गॅसच्या नळ्या असतात. एक टोक घुसलं की सूं आवाज येतो आणि फ्रिज गेलाच म्हणून समज. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो, लेबलवर 'आर ६०० ए' असं लिहिलेलं असतं. हवेला तो जुन्या गॅसांपेक्षा पुष्कळ बरा, पण तो पेट घेणारा आहे. प्रमाण थोडंच असतं, तरी कधी असं झालंच तर आधी शेगडी विझव, खिडक्या-दारं उघड, आणि कुठलंही बटण दाबू नकोस.

आतून धुवायला सुवासिक साबणपावडर नको. वास महिनाभर लोण्याला येतो. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घाल, मऊ फडकं भिजव, पीळ आणि पूस, मग साध्या पाण्यानं, मग कोरड्यानं. काचेचे कप्पे बाहेर काढलेस की गरम पाणी लगेच ओतू नकोस, गार काच तडकते. आधी त्यांना हवेवर येऊ दे. मागच्या भिंतीच्या तळाशी एक बारीक भोक असतं, पाणी त्यातून थाळीत जातं. कोथिंबिरीची काडी, दुधाची साय, कांद्याचं साल अडकून ते तुंबतं आणि मग भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं. लोक गॅस संपला म्हणून मेकॅनिकला बोलावतात. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली सिरिंज आण, कोमट पाणी भर आणि त्या भोकात हळू सोड. मागे थाळीत पाणी टपकलं की वाट मोकळी झाली.

दाराच्या रबराकडे मात्र जास्त वेळ दे. निम्मं दुखणं तिथे असतं. घडीच्या आत बोट घालून बघ, काळे ठिपके आणि शेवभाजीच्या रश्श्याचा वाळलेला ओघळ हाताला लागेल. सोड्याच्या पाण्यात टूथब्रश बुडवून घडीघडी घास, आणि पूर्ण कोरडं कर, ओल राहिली की बुरशी परत येते. मग दहा रुपयांची नोट दारात धरून दार लाव आणि ओढ. अडकून यायला हवी. सहज निघून आली तर तिथून रात्रंदिवस गरम हवा आत जाते आहे. चारी बाजूंनी, वर-खाली, असं तपास. रबर कडक होऊन वाकलं असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं धरून ते शेकता येतं, मऊ पडलं की हातानं बसतं. फाटलं असेल तर बदलून घे. नव्या फ्रिजच्या मानानं तो खर्च काहीच नाही.

परत पिन लावल्यावर लगेच भरू नकोस. तास-दोन तास नुसता चालू दे. आणि एक थर्मामीटर घे, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा साधा चालेल. पाण्यानं भरलेल्या पेल्यात तो उभा करून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेव, पहाटे दार उघडल्या उघडल्या वाच. चार ते पाच अंश आले तर तुझा फ्रिज ठणठणीत आहे. बटणावरचे १ ते ७ आकडे म्हणजे अंश नव्हेत, ते नुसतं कमी-जास्त आहे. म्हणून अंदाजावर राहू नकोस. मे महिन्यात वरचा आकडा लागेल, पावसाळा सुरू झाला की खाली आणायचा.

आता आत काय ठेवायचं. आपण फ्रिजला कोठीघर करून टाकलंय गं. दाणे, खोबरं, रवा, काळा मसाला, लोणच्याची बरणी, लसूण, बटाटे, शेवेची पुडी, पापडाचं उरलेलं पीठ, सगळं आत. हवा फिरायला फट राहत नाही, आणि मग मागच्या भिंतीशी भाजी गोठते आणि दाराजवळ दूध आंबतं. लोणचं, शेव, कुरडया, बिबड्या यांना तिथे काही काम नाही. कांदे-बटाटे-लसूण हवेशीर टोपलीत बरे. केळी तर आपल्या रावेर-यावल-चोपड्याची शान, जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिला चार अंशांत कोंडू नकोस. तेरा अंशांच्या खाली केळीच्या सालीतल्या पेशी मरतात, साल काळी पडते, आणि कच्ची असेल तर ती नीट पिकतच नाही. परदेशी पाठवतानाही ती तेरा-चौदा अंशांतच ठेवतात. भरताच्या वांग्यांचंही तसंच. आसोदा-बामणोदकडची ती पांढरट-हिरवी, लांबोडकी वांगी आली की आपण हौसेनं पाच-सात किलो घेतो आणि आठवडाभर फ्रिजमध्ये टाकतो. गारठ्यानं त्यांच्या अंगावर खड्डे पडतात, आतलं बी तपकिरी होतं. हिवाळ्यात तशीही हवा गार असते, परातीत पसरून बाहेर ठेव आणि दोन-तीन दिवसांत काटक्यांवर भाज.

आखाजीचं सांगते, कारण तुझी खरी कसोटी त्या दिवशी आहे. पातेलंभर आमरस काढायचा, खापरावरचे मांडे करायचे, माहेरवाशिणी झोक्यावरून उतरून पाणी-पाणी करत येणार, दार मिनिटा-मिनिटाला उघडणार. त्या दिवशी पिण्याचं पाणी फ्रिजमध्ये ठेवूच नकोस. दोन माठ भर, ओलं फडकं गुंडाळ, सावलीत वाऱ्याला ठेव. आपली हवा कोरडी आहे, माठ इथे जेवढा गार होतो तेवढा कोकणात होत नाही. फ्रिज फक्त रसाला, दुधाला आणि भाजीला राहू दे. रस मोठ्या पातेल्यात नको, उथळ डब्यांत घाल, लवकर गार होतो. आंबे मात्र बाहेरच पिकू दे. टरबूज चिरलंस की झाकूनच आत, आणि दुसऱ्या दिवशी संपव.

शिजलेलं अन्न किती वेळ बाहेर चालतं हेही धर मनात. साधारण दोन तास म्हणतात, पण खोली ३२ अंशांच्या वर गेली की एकच तास. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत एकच तास समज. वरण, भात, फौजदारी डाळ गरम-गरम आत ढकललीस तर बाकीच्या अन्नालाही ऊब लागते, आणि बाहेर ठेवलीस तर खराब होते. म्हणून परातीत गार पाणी घे, त्यात पातेलं बसव, ढवळ, वाफ गेली की झाकून आत. भाताला जास्त जप. त्यातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत, भात उबेला राहिला की वाढतात, आणि त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही. सासूबाई अन्न टाकू देत नाहीत हे मला माहीत आहे. दुष्काळ पाहिलेली माणसं आहेत ती, त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यापेक्षा पोळी-भाकरीचा कुस्करा, भाताचा फोडणीचा भात दुसऱ्या दिवशी सकाळीच करून टाक, आणि डब्यावर तारखेची चिठ्ठी लाव. त्या स्वतःच चिठ्ठी वाचून जुनं आधी काढायला लागतील.

सासूबाईंच्या इन्सुलिनचं मात्र तुझ्या हाती ठेव. ते २ ते ८ अंशांत राहायला हवं. तुझ्या फ्रिजमध्ये बर्फाच्या खणाखाली जो चपटा ट्रे आहे ना, तिथे ते कधी ठेवायचं नाही. तिथे ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून दिसायला चांगलं दिसलं तरी कामाचं राहत नाही. साखर वाढत जाते आणि कारण कळत नाही. दारातही नको, तिथे उष्ण-गार सारखं होत राहतं. मधल्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात, भिंतीला न टेकवता. चालू असलेली बाटली बाहेर ठेवली तरी चालते असं डॉक्टर सांगतात ते पंचवीस-तीस अंशांच्या खोलीसाठी, आपल्या उन्हाळ्यातल्या खोलीसाठी नाही. वादळात लाइट गेली आणि लवकर येईल असं दिसत नसेल, तर बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांध, छोट्या मडक्यात ठेव, आणि ते मडकं ओल्या वाळूच्या टोपल्यात सावलीत बसव. खेड्यांत फ्रिज नसलेली माणसं असंच सांभाळतात.

वादळावरून आठवलं. मे अखेरीस केळीच्या बागा आडव्या करणारा तो वारा सुटला की तारा तुटतात आणि लाइट तासन्‌तास येत नाही. अशा वेळी दार उघडून 'अजून गार आहे का' बघत बसायचं नाही. बंद दाराआड फ्रिज साधारण चार तास तग धरतो, आपल्या उकाड्यात त्याहून कमीच धर. मग दूध तापव, भाजी खाऊन टाका, मांस-मासळी असेल तर वास येत नाही म्हणून ठेवू नकोस. लाइट येताना सुरुवातीला कमी-जास्त होते. म्हणून लाइट गेल्या गेल्या बटण बंद कर, आणि आल्यावर पाच मिनिटं जाऊ देऊन मग लाव. आतला दाब उतरायला तेवढा वेळ लागतो, नाहीतर कॉम्प्रेसरवर एकदम जोर येतो. जुन्या फ्रिजला स्टॅबिलायझर असलेला बरा.

आणि बाई, तीन पिनांचं सॉकेट सैल आहे तुझं. मी दिवाळीतच म्हटलं होतं. अर्थिंग नीट आहे का ते वायरमनला बोलावून बघ. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून दाराला हात लावला आणि झिणझिण्या आल्या, तर तो विषय उद्यावर टाकायचा नाही. पोरगं दार उघडून पाणी घेतं. घरात ईएलसीबी बसवून घ्या, बिघाड झाला की लाइट आपोआप तुटते.

हिवाळ्यात उलटं होतं. धुळ्याच्या कडाक्यात फ्रिजला वाटतं बाहेरच गार आहे, मग मशीन कमी चालतं, आणि खालचा भाग थंड असतानाही वरच्या खणातला बर्फ मऊ पडतो. तेव्हाही तुम्ही बिघडला म्हणाल. तसं नसतं. खणात आइस्क्रीम किंवा मटण साठवू नका तेवढे दोन महिने, आणि बटण अगदी १ वर आणू नका.

हे सगळं करून दोन दिवस त्याला दे. थर्मामीटरमधला आकडा तरीही आठ-दहाच्या वर राहिला, मशीन चालू असून जाळी गरमच होत नसेल, किंवा दर दोन मिनिटांनी टक् टक् करून बंद पडत असेल, तर मात्र मेकॅनिक. तो 'गॅस भरावा लागेल' म्हणाला तर विचार की लीक कुठे आहे. फ्रिजमधला गॅस वापरून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. लीक न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकायचा नाही, आणि पैसे तेवढे जातील. जुना भाग काढला तर तो दाखवायला सांग, बिल घे.

आणि नवाच घ्यायची वेळ आली तर आखाजीची गर्दी ओसरू दे. स्टारच्या लेबलवर वर्षाला किती युनिट खातो ते छापलेलं असतं, नुसते तारे मोजू नकोस, तो आकडा वाच. मोठा घ्यायचा मोह नको, चार माणसांना लागतो तेवढाच. घरी आणताना आडवा आला असेल तर उभा करून काही तास तसाच ठेवायचा, मग पिन लावायची. पण आधी आताच्या फ्रिजच्या लेबलचा आणि मागच्या जाळीचा फोटो काढून मला पाठव. ते बघून संध्याकाळी आपण बोलू.